अमॉक्सिसिलीन कोणत्या टाकीत तयार होते, आणि त्याचा तुमच्याशी काय संबंध?

रूमॅटिक हृदयविकार असलेल्या मुलांचे आईवडील दर तीन आठवड्यांनी दवाखान्यात येतात. मुलाला कमरेत पेनिसिलीनचे एक इंजेक्शन द्यायचे असते. काही वेळा ते रिकाम्या हाताने येतात आणि विचारतात, "डॉक्टर, तीन दुकाने फिरलो, इंजेक्शन कुठेच नाही. कधी येईल हेही कोणी सांगत नाही. एवढे जुने, एवढे स्वस्त औषध मिळत का नाही?"

प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचे उत्तर शोधत मागे मागे गेले, तर आपण दुकानातून वितरकाकडे, वितरकाकडून औषध कंपनीकडे आणि शेवटी एका प्रचंड टाकीपाशी पोहोचतो. त्या टाकीत एक बुरशी वाढत असते आणि ती पेनिसिलीन बनवत असते. जगात अशा टाक्या चालवणारे कारखाने मोजकेच आहेत, आणि त्यांतले बहुतेक चीनमध्ये आहेत.

गेल्या काही वर्षांत या टाक्या पुन्हा भारतात उभ्या करण्याचे प्रयत्न सुरू झाले आहेत. वर्तमानपत्रात या बातम्या उद्योग-व्यापाराच्या पानावर येतात, त्यामुळे रुग्ण त्या सहसा वाचत नाहीत. पण त्यांचा संबंध थेट तुमच्या घरातल्या औषधांच्या डब्याशी आहे. तो कसा, हे या लेखात पाहू.

बुरशीला कामाला कसे लावले?

अलेक्झांडर फ्लेमिंग यांना १९२८ साली लंडनमध्ये आढळले, की एका बुरशीच्या आसपास जिवाणू वाढत नाहीत. ही बुरशी इतर जिवाणूंना मारणारा पदार्थ स्वतःसाठी बनवत होती. माणसाला पुरेल इतका तो बनवण्याचे तिला काही कारण नव्हते. फ्लेमिंग यांच्या बुरशीपासून एक मिलिलिटर द्रवात जेमतेम दोन युनिट पेनिसिलीन मिळत असे.

याचा परिणाम काय झाला, ते १९४१ साली ऑक्सफर्डमध्ये दिसले. चेहऱ्यावरचा जंतुसंसर्ग अंगभर पसरलेल्या एका पोलिसाला पेनिसिलीन देण्यात आले. तो सुधारू लागला. पण औषध संपत आले, तेव्हा डॉक्टरांनी त्याच्या लघवीतून बाहेर पडणारे पेनिसिलीन गाळून त्यालाच परत दिले. तरीही ते पुरले नाही आणि तो दगावला. औषधाचा गुण आला होता, कमी पडला तो साठा.

त्यानंतर संशोधकांचे लक्ष बुरशीकडे वळले. अमेरिकेत पिओरिया या गावच्या सरकारी प्रयोगशाळेत बुरशीला मक्याच्या स्टार्च उद्योगातून उरणारे पाणी खायला दिले, तेव्हा उत्पादन कैक पटींनी वाढले. १९४३ साली त्याच गावातल्या बाजारातून आणलेल्या एका बुरसटलेल्या खरबुजावर अधिक चांगला वाण सापडला. मग त्या वाणावर क्ष-किरण आणि अतिनील किरण सोडून त्याच्या जनुकांत बदल घडवले, जे बदल उपयोगी ठरले ते वाण ठेवले, बाकीचे टाकून दिले. शेतकरी ज्वारीचे बियाणे निवडतो, तसेच हे काम दशकानुदशके चालले. आज कारखान्यांत वापरल्या जाणाऱ्या वाणांत पेनिसिलीन बनवणाऱ्या जनुकांच्या एकाऐवजी अनेक प्रती असतात. म्हणजे एकाच बुरशीत पेनिसिलीनचे अनेक 'कारागीर' बसवलेले असतात.

फरक किती पडला, त्याचा ढोबळ हिशेब करता येतो. अमॉक्सिसिलीनच्या ५०० मिलिग्रॅमच्या एका कॅप्सूलसाठी अर्ध्या ग्रॅमहून थोडे जास्त पेनिसिलीन लागते. फ्लेमिंग यांच्या बुरशीवर अवलंबून राहिलो असतो, तर एका कॅप्सूलसाठी ४०० लिटरहून अधिक द्रव लागला असता. आजचे चांगले वाण एका लिटरमध्ये सुमारे ५० ग्रॅम पेनिसिलीन बनवतात. त्यामुळे तेवढ्याच कॅप्सूलला टाकीतला दोन-तीन चहाचे चमचे द्रव पुरतो. तुमच्या हातातली कॅप्सूल काही रुपयांत मिळते, याचे मूळ कारण हे आहे.

टाकीपासून कॅप्सूलपर्यंत

कारखान्यातली टाकी एक लाख लिटरहून मोठी असू शकते. तीत साखर, मक्याच्या उद्योगातला उपपदार्थ, क्षार आणि बुरशीचे बीज घालतात. इडलीचे पीठ आंबते तीच मूळ कल्पना, पण इथे तापमान, आम्लता आणि हवा यांवर क्षणाक्षणाला लक्ष ठेवावे लागते. बुरशीला सतत प्राणवायू लागतो, म्हणून निर्जंतुक हवा आत सोडत राहावे लागते. बुरशीच्या वाढीमुळे उष्णता निर्माण होते, म्हणून टाकी थंड ठेवावी लागते. दुसरा एखादा जंतू आत शिरला, तर लाखो रुपयांची पूर्ण टाकी ओतून द्यावी लागते. म्हणजे या उद्योगाचा मोठा खर्च वीज, वाफ, थंडावा आणि साखर यांचा असतो. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे तो कामाला येईल.

काही दिवसांनी बुरशी गाळून वेगळी करतात आणि द्रवातून 'पेनिसिलीन जी' काढतात. तिथून दोन वाटा फुटतात.

पहिली वाट इंजेक्शनांची. रक्तवाहिनीतून देण्याचे बेंझिल पेनिसिलीन हे पेनिसिलीन जीच असते. कोकणात पावसाळ्यात लेप्टोचा गंभीर रुग्ण दाखल होतो, तेव्हा वापरल्या जाणाऱ्या औषधांत ते आहे. हेच पेनिसिलीन बेंझाथीन नावाच्या पदार्थाशी जोडले, की ते स्नायूत हळूहळू विरघळते आणि कित्येक दिवस रक्तात थोडे थोडे उतरत राहते. रूमॅटिक हृदयविकाराच्या मुलांना दर २१ दिवसांनी देतात ते हे इंजेक्शन. गर्भवतीला सिफिलिस असेल, तर पोटातल्या बाळाला वाचवण्यासाठी खात्रीचा उपाय म्हणूनही हेच औषध द्यावे लागते.

दुसरी वाट कॅप्सूल आणि गोळ्यांची. पेनिसिलीन जीचा एक तुकडा कापून '६-एपीए' नावाचे रसायन बनवतात आणि त्याला दुसरा तुकडा जोडला की अमॉक्सिसिलीन तयार होते. हा तुकडा कापायला पूर्वी उणे ४० अंशांपर्यंतची थंडी आणि घातक रसायने लागत. आता ते काम एक विकर, म्हणजे एन्झाइम, साध्या पाण्यात आणि खोलीच्या तापमानाच्या आसपास करते. हे विकर जनुकीय बदल केलेल्या जिवाणूंकडून बनवून घेतात, बारीक मण्यांवर चिकटवतात आणि पुन्हा पुन्हा वापरतात. सेफालेक्सिनसारख्या औषधाच्या कच्च्या मालासाठी तर युरोपातल्या एका कंपनीने या शतकाच्या सुरुवातीला पेनिसिलीनच्याच बुरशीत दुसऱ्या सूक्ष्मजीवाचे जनुक घातले. त्यामुळे अनेक रासायनिक पायऱ्या गळून गेल्या.

डॉक्टर 'सहाशे पंचवीस'ची गोळी लिहून देतात. तिच्यात ५०० मिलिग्रॅम अमॉक्सिसिलीन आणि १२५ मिलिग्रॅम क्लॅव्युलॅनिक आम्ल असते. हे दुसरे औषधही एक सूक्ष्मजीवच बनवतो. म्हणजे एका गोळीमागे दोन वेगवेगळ्या टाक्या उभ्या असतात. त्यांतली एक जरी बंद पडली, तरी गोळी तयार होत नाही.

पिंपरीत होते, मग गेले कुठे?

पुण्यात राहणाऱ्या वाचकांना पिंपरीची 'एचए' कंपनी ठाऊक असेल. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सार्वजनिक क्षेत्रातली कंपनी १९५४ साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने तिथे उभी राहिली, ती मुख्यतः पेनिसिलीन बनवण्यासाठी. स्वातंत्र्य मिळून सात वर्षे झालेल्या देशाने जीवरक्षक औषध स्वतः बनवायचे ठरवले होते. पुढे तिथे स्ट्रेप्टोमायसिनही बनू लागले. बुरशीच्या संसर्गावरचे 'हॅमायसिन' हे औषध तर तिथल्याच संशोधकांनी शोधले. त्या नावातले पहिले अक्षर हिंदुस्थानचे आहे.

१९९० च्या दशकात आयात खुली झाली आणि चीनमधले स्वस्त पेनिसिलीन येऊ लागले. वर पाहिल्याप्रमाणे या उद्योगात वीज, वाफ आणि साखर यांचा खर्च मोठा असतो. शिवाय टाक्या जितक्या मोठ्या, तितका दर किलोमागचा खर्च कमी. चीनने अवाढव्य कारखाने उभारले. आपल्या कारखान्यांना त्या भावात माल देणे जमले नाही, आणि सरकारी व खासगी अशा दोन्ही टाक्या एकेक करून थंड पडल्या. एचए कंपनीही तोट्यात गेली. भारत गोळ्या आणि कॅप्सूल बनवण्यात जगात पुढे राहिला, पण त्यांच्यासाठी लागणारे पेनिसिलीन जी आणि ६-एपीए बाहेरून आणू लागला.

तेव्हा हे शहाणपणाचे वाटले, कारण औषध स्वस्त झाले. धोका कळला तो २०२० साली. कोरोनामुळे चीनमधले कारखाने बंद पडले, तेव्हा ३ मार्च २०२० रोजी भारत सरकारला २६ औषधे आणि कच्च्या मालांच्या निर्यातीवर निर्बंध घालावे लागले. त्या यादीत पॅरासिटामॉलबरोबर एरिथ्रोमायसिन, निओमायसिन, क्लिंडामायसिन आणि जीवनसत्त्व बी-१२ यांचा समावेश होता. ही चारही औषधे प्रत्यक्ष सूक्ष्मजीवांकडून किंवा त्यांनी बनवलेल्या कच्च्या मालापासून तयार होतात.

त्याच महिन्यात सरकारने कच्च्या औषधांसाठी ६,९४० कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना मंजूर केली. तीत सूक्ष्मजीवांकडून बनणाऱ्या औषधांना सर्वांत जास्त, म्हणजे सुरुवातीच्या वर्षांत विक्रीच्या २० टक्के, मदत ठेवली. पेनिसिलीन जी, क्लॅव्युलॅनिक आम्ल, क्षयरोगावरचे रिफॅम्पिसिन, स्ट्रेप्टोमायसिन, प्रेडनिसोलोन ही नावे त्या यादीत आहेत. या योजनेतून आंध्र प्रदेशात काकिनाडाजवळ अरबिंदो फार्मा समूहाच्या लायफियस या कंपनीने पेनिसिलीन जीचा कारखाना उभारला. त्याची क्षमता वर्षाला १५,००० टनांची आहे आणि २०२४ मध्ये तो सुरू झाला. हिमाचल प्रदेशात क्लॅव्युलॅनिक आम्लाचा कारखानाही उभा राहिला. पाठोपाठ ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्र सरकारने 'बायो-ई-३' धोरण मंजूर केले. सूक्ष्मजीवांकडून रसायने, प्रथिने आणि औषधे बनवून घेण्याच्या उद्योगाला बळ देणे हा त्याचा हेतू आहे.

भाव उतरले, तर रुग्णाचे भलेच ना?

इथून पुढचा भाग रुग्णांनी नीट समजून घ्यावा असा आहे.

काकिनाड्याचा कारखाना सुरू झाल्यावर चीनमधून येणाऱ्या पेनिसिलीन जी आणि ६-एपीए यांचे भाव उतरले. नव्या स्पर्धकाला बाजारात टिकू द्यायचे नसेल, तर मोठा विक्रेता असेच करतो. म्हणून २०२५ मध्ये एक प्रस्ताव चर्चेत आला: या कच्च्या मालाच्या आयातीला किमान किंमत ठरवून द्यावी, म्हणजे तिच्याखाली कोणी माल आणू शकणार नाही. यावर औषध उद्योगातच दोन तट पडले. टाक्या चालवणारे म्हणतात, संरक्षण मिळाले नाही तर पुन्हा १९९० च्या दशकासारखेच होईल. कच्चा माल विकत घेऊन कॅप्सूल आणि इंजेक्शने बनवणारे, विशेषतः छोटे कारखानदार, म्हणतात, माल महागला तर आमचे दिवाळे निघेल.

दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. कारण मधे एक तिसरी गोष्ट आहे: सरकारने ठरवलेली कमाल किंमत. पेनिसिलीनची इंजेक्शने आणि अमॉक्सिसिलीन ही आवश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आहेत. राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरण त्यांची कमाल किंमत ठरवते. हे रुग्णाच्या हिताचेच आहे. पण कच्चा माल महागला आणि कमाल किंमत तीच राहिली, तर कंपनीसमोर सोपा मार्ग उरतो, तो म्हणजे ते औषध बनवणेच बंद करणे.

ही कल्पनेतली भीती नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये प्राधिकरणाने आठ औषधांच्या कमाल किमती एकदम ५० टक्क्यांनी वाढवल्या. परवडत नाही म्हणून काही कंपन्यांनी उत्पादन थांबवण्याची परवानगी मागितली होती, हे त्यामागचे एक कारण होते. त्या आठ औषधांत दम्याचे साल्ब्युटामॉल, मनोविकारावरचे लिथियम आणि क्षयरोगाचे स्ट्रेप्टोमायसिन होते. आणि १० लाख युनिटचे बेंझिल पेनिसिलीन इंजेक्शनही होते. 'औषधे ५० टक्क्यांनी महागली' असा मथळा वाचून तुम्हाला राग आला असेल. पण ज्या इंजेक्शनची किंमत वाढली नसती, ते कदाचित मिळालेच नसते.

अशीच गोष्ट याआधी जगाने पाहिली आहे. २०१५ च्या आसपास अनेक देशांत बेंझाथीन पेनिसिलीनचा तुटवडा पडला. त्याचा कच्चा माल बनवणारे कारखाने जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले होते. औषध जुने, पेटंट नाही, नफा नगण्य, म्हणून नवे कोणी या धंद्यात येत नव्हते. ब्राझीलमध्ये त्याच काळात जन्मतः सिफिलिस असलेल्या बाळांची संख्या वाढली.

रुग्णाच्या बाजूने पाहिले, तर सर्वांत कमी भाव ही औषधाची एकच कसोटी होऊ शकत नाही. औषध परवडणारे हवे आणि ठरल्या दिवशी हातात पडणारेही हवे. एकाच देशातल्या दोन-तीन कारखान्यांवर सगळ्या जगाने विसंबून राहणे जसे धोक्याचे, तसेच उद्या भारतातल्या एकाच कारखान्यावर विसंबून राहणेही धोक्याचेच ठरेल. म्हणून बातमी वाचताना 'स्वदेशी की आयात' एवढ्यावर थांबू नका. किती ठिकाणांहून माल येऊ शकतो, सरकारी रुग्णालयांनी काही महिन्यांचा साठा ठेवला आहे का, आणि खरेदीच्या निविदेत केवळ सर्वांत कमी दराचाच विचार होतो का, हे प्रश्न विचारा. लोकप्रतिनिधींना आणि रुग्णालयाच्या व्यवस्थापनालाही हे प्रश्न विचारता येतात.

टाकीतून बाहेर पडणारे पाणी

टाक्या देशात आल्या, की त्यांचे सांडपाणीही देशात येते. अँटिबायोटिकच्या कारखान्यातून नीट प्रक्रिया न केलेले पाणी नदी-नाल्यात गेले, तर तिथल्या जिवाणूंना रोज थोडे थोडे औषध मिळत राहते. त्यांतले जे टिकतात, ते त्या औषधाला दाद देत नाहीत. हाच तो अँटिबायोटिकला न जुमानणाऱ्या जंतूंचा प्रश्न. असे जंतू नदीत थांबत नाहीत. पाणी, अन्न आणि हातांमार्फत ते अतिदक्षता विभागापर्यंत पोहोचतात.

जानेवारी २०२० मध्ये केंद्र सरकारने कारखान्यांच्या सांडपाण्यात अँटिबायोटिक किती असावे, याच्या मर्यादांचा मसुदा काढला होता. २०२१ मध्ये अंतिम नियम आले, तेव्हा त्या मर्यादा त्यांत नव्हत्या. सप्टेंबर २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने अँटिबायोटिक कारखान्यांच्या सांडपाण्याबाबत मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. नवे कारखाने उभारण्यासाठी जनतेच्या पैशातून मदत दिली जात असेल, तर ही तत्त्वे पाळण्याची अट त्या मदतीबरोबरच यायला हवी. आज स्वस्तात बनवलेले पेनिसिलीन उद्या कुचकामी ठरले, तर त्या स्वस्ताईचा उपयोग काय?

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

जनुके बदललेल्या सूक्ष्मजीवाकडून बनलेले औषध घेतल्याने माझ्या जनुकांवर परिणाम होईल का?

नाही. सूक्ष्मजीव हा कारागीर आहे, औषध नव्हे. तो गाळून काढून टाकतात, मग औषधाचे शुद्धीकरण करतात आणि औषधकोशातल्या निकषांवर त्याची तपासणी होते. मधुमेहाच्या रुग्णांना १९८२ पासून जनुकीय बदल केलेल्या जिवाणूंकडून बनवलेले मानवी इन्सुलिन उपलब्ध आहे. जगभरात कोट्यवधी लोकांनी ते वापरले आहे.

मला बुरशीची ॲलर्जी आहे. पेनिसिलीन चालेल का?

धुळीतल्या किंवा ओलसर भिंतीवरच्या बुरशीची ॲलर्जी वेगळी आणि पेनिसिलीनची ॲलर्जी वेगळी. पेनिसिलीनची ॲलर्जी त्या औषधाच्या रेणूची असते. पूर्वी पेनिसिलीन किंवा अमॉक्सिसिलीन घेतल्यावर अंगावर गांधी उठणे, ओठ-चेहरा सुजणे, श्वास लागणे असे काही झाले असेल, तर डॉक्टरांना अवश्य सांगा. मात्र लहानपणी 'पेनिसिलीन चालत नाही' असा शिक्का बसलेल्या बऱ्याच जणांना प्रत्यक्षात ॲलर्जी नसते. पाश्चात्त्य देशांत अशा लोकांची तपासणी केली, तेव्हा दहांपैकी नऊ जणांना पेनिसिलीन सोसले. तो शिक्का खरा आहे का, हे तज्ज्ञांकडून तपासून घेता येते. घरी प्रयोग करू नका.

माझ्या कॅप्सूलमधला माल कुठला आहे, हे कळू शकते का?

वेष्टनावर तयार औषध बनवणाऱ्या कंपनीचे नाव, बॅच क्रमांक आणि तारखा असतात. ऑगस्ट २०२३ पासून ३०० प्रमुख ब्रँडच्या वेष्टनावर क्यूआर कोडही बंधनकारक आहे. कच्चा माल कोणत्या देशातला, हे मात्र त्यातून कळत नाही. माल भारतातला असो वा चीनमधला, औषधाला तेच दर्जाचे निकष लागू असतात. केवळ कच्चा माल बाहेरचा आहे म्हणून औषध बंद करू नका.

पेनिसिलीनचे इंजेक्शन धोक्याचे आहे, असे ऐकले. काही डॉक्टर देतच नाहीत. खरे काय?

तीव्र ॲलर्जी होऊ शकते, पण ती विरळ आहे. इंजेक्शन देणाऱ्या ठिकाणी तातडीच्या उपचारांची सोय असावी आणि इंजेक्शननंतर अर्धा तास तिथेच थांबावे. ज्यांच्या हृदयाच्या झडपा फारच खराब झाल्या आहेत किंवा हृदयाची ताकद कमी झाली आहे, अशा रुग्णांना इंजेक्शनच्या वेळी चक्कर येऊन रक्तदाब एकदम घसरण्याचा धोका असतो. त्यांच्यासाठी गोळ्यांचा पर्याय बरा ठरू शकतो. हा निर्णय हृदयरोगतज्ज्ञांनीच घ्यायचा असतो.

तुम्ही काय करावे?

घरात रूमॅटिक हृदयविकाराचा रुग्ण असेल, तर पुढच्या इंजेक्शनची तारीख कॅलेंडरवर लिहा आणि औषध त्या दिवशी शोधायला न निघता आठवडाभर आधी विचारा. एका दुकानात नसेल, तर जिल्हा रुग्णालय, वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आणि मोठ्या रुग्णालयाचे औषधालय इथे चौकशी करा.

इंजेक्शन मिळालेच नाही, तर तारीख उलटू देऊ नका. त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. इंजेक्शन मिळेपर्यंत रोज घ्यायच्या गोळ्यांचा पर्याय देता येतो. मुलगा ठणठणीत दिसतो, खेळतो, म्हणून 'या वेळी राहू दे' असे म्हणू नका. हे औषध आजचा त्रास कमी करण्यासाठी नसते. घशाच्या पुढच्या संसर्गाने झडप आणखी खराब होऊ नये, म्हणून ते असते. ते किती वर्षे चालू ठेवायचे, हे झडपेच्या स्थितीवर ठरते. काहींना ते चाळिशीपर्यंत घ्यावे लागते.

औषध वारंवार मिळत नसेल, तर दुकानदाराशी वाद घालून थांबू नका. औषधाचे नाव, तारीख आणि कुठे कुठे विचारले हे लिहून ठेवा आणि राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाच्या 'फार्मा सही दाम' सेवेवर किंवा अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार नोंदवा. तुटवड्याची नोंदच झाली नाही, तर कागदोपत्री तुटवडा नसतोच.

घाबरून सहा महिन्यांचा साठाही करू नका. तुमच्या कपाटात जास्तीची पडून असलेली इंजेक्शने दुसऱ्या कोणाच्या मुलाच्या वाट्याची असू शकतात. हे इंजेक्शन कसे साठवायचे, हे वेष्टनावर लिहिलेले असते. तेही पाहा.

सर्दी, फ्लू किंवा साधा विषाणूचा ताप यासाठी अमॉक्सिसिलीन किंवा 'सहाशे पंचवीस' स्वतःहून घेऊ नका. ज्या पाकिटावर उभी लाल रेषा आहे, ते औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचे नाही, हे घरातल्या सगळ्यांना सांगा. डॉक्टरांनी जितके दिवस सांगितले तितके दिवस घ्या. उरलेल्या गोळ्या बेसिनमध्ये किंवा शौचालयात टाकू नका.

एका बुरशीला माणसाने ऐंशी-पंचाऐंशी वर्षांत इतके तयार केले, की चारशे लिटरचे काम दोन-तीन चमच्यांवर आले. ऑक्सफर्डच्या त्या पोलिसाला जे औषध पुरले नाही, ते आज तालुक्याच्या दुकानात मिळायला हवे. ते मिळेल की नाही, हे आता किंमत, आयात, खरेदी आणि सांडपाणी यांविषयीच्या सरकारी निर्णयांवर अवलंबून आहे. पुढच्या वेळी व्यापाराच्या पानावर 'पेनिसिलीन' हा शब्द दिसला, तर ती बातमी वाचा. आणि घरात पेनिसिलीनवर असलेले मूल असेल, तर आज त्याच्या पुढच्या इंजेक्शनची तारीख पाहून घ्या.